चादर-टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट : कोटेशनवर सही करण्याआधी काय बघावं?

यंत्रमाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. जेकार्ड चादर, टर्किश टॉवेल, नॅपकिन असा माल निघतो. बहुतेक माल व्यापारी उचलतात, थोडा कर्नाटक-तेलंगणात ट्रान्सपोर्टने जातो. हल्ली सुटी गिऱ्हाइकंही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि भाव विचारतात, म्हणून वेबसाइट करायचं ठरवलंय. एक कोटेशन आलंय : ४५,००० रुपये, २० पानं, होमपेजवर स्लायडर (आपोआप बदलणारी चित्रं), डोमेन-होस्टिंग (साइटचं नाव आणि ती ठेवायची जागा) पहिलं वर्ष फुकट, पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घ्यायची सोय), आणि 'गूगलवर पहिला नंबर गॅरंटी'. डिझाइन तीस-चाळीस थीममधून निवडा म्हणतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत साइट चालू व्हावी असं वाटतं.

हे ठीक आहे का? मराठी ठेवावी की इंग्रजी? पेमेंट लगेच घ्यावं का? जाणकारांनी सांगावं.

कोरा_कागद

मालक, थीम सगळ्यात शेवटी. आधी हे ठरवा की साइटवर येणारा माणूस कोण. तुमच्याकडे दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत आणि दोघांचे प्रश्न एकमेकांशी जुळत नाहीत.

विजयपूरचा दुकानदार विचारणार : डझनाचा भाव काय, कमीत कमी किती घ्यायचे, एका गाठीत किती नग, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) किती, रंग मिसळून मिळतील का, ऑर्डरनंतर किती दिवसांत ट्रान्सपोर्टला लागेल, भाडं कोणाकडे. पुण्यातली सुटी घेणारी बाई विचारणार : माझ्या पलंगाला पुरेल का, रंग जाईल का, कधी मिळेल, नाही आवडली तर परत घ्याल का. एकाच पानावर दोघांना उत्तर द्यायला गेलात तर दुकानदाराला सुटा भाव दिसतो आणि तो फोन न करताच निघून जातो. सुट्या गिऱ्हाइकाला 'किमान ५ डझन' दिसतं, तोही जातो.

म्हणून होमपेजच्या पहिल्या स्क्रीनवर, म्हणजे मोबाइलवर बोट न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात, तीनच गोष्टी ठेवा : काय बनवता, कुठे बनवता, आणि दोन बटणं, 'घाऊक चौकशी' व 'सुटी खरेदी'. स्लायडर काढून टाकायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापर्यंत फार कोणी थांबत नाही, पण तिन्ही जड फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर उतरतात. वर त्या चित्रांत कोरलेला मजकूर मोबाइलवर मुंगीएवढा होतो.

२० पानं तुम्हाला लागत नाहीत. होमपेज, चादर, टॉवेल, नॅपकिन अशी तीन यादी-पानं, प्रत्येक मालाचं स्वतंत्र पान, घाऊक चौकशी, कारखान्याविषयी, संपर्क. ऑनलाइन पैसे घेणार असाल तर अटींची चार पानं वेगळी. कोटेशनमधली 'व्हिजन-मिशन', 'टीम', 'ब्लॉग' ही पानं भरायला तुमच्याकडे मजकूर नसतो, मग डिझायनर कुठूनतरी उचललेला इंग्रजी परिच्छेद टाकतो. त्यात चादरीचा उल्लेखसुद्धा नसतो!

खरं काम एक्सेलच्या शीटमध्ये आहे. प्रत्येक मालाला एक ओळ, आणि स्तंभ असे : कोड, माप इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, एका नगाचं वजन, जीएसएम, सूत, रंग, सेटमध्ये किती नग, सुटी किंमत, घाऊकची किमान संख्या. घाऊक भाव साइटवर लिहू नका. सुताचा भाव हलला की तो बदलणार, आणि जुना भाव दाखवून भांडणारा व्यापारी पहिल्याच महिन्यात भेटेल.

जीएसएम अंदाजे लिहू नका, काढा. ३० × ६० इंचाचा टॉवेल म्हणजे ०.७६२ × १.५२४ मीटर, क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. काट्यावर ५०० ग्रॅम भरला तर ५०० भागिले १.१६, म्हणजे साधारण ४३०. एकच नग न तोलता डझन तोला आणि १२ने भागा, कारण नगागणिक फरक असतो. माप धुण्याआधीचं आहे की नंतरचं तेही लिहा. सुती माल पहिल्या धुण्यात आटतो आणि 'दिलेलं माप भरत नाही' ही तक्रार तिथूनच येते.

ही शीट पूर्ण नसताना काम सुरू केलंत तर साइट अडकते ती डिझायनरकडे नाही, तुमच्याकडे.

चाटी_गल्ली_कट्टा

एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, ५०० पर्यंत नग बसतात. गूगल मॅपवर दुकान टाका, संपला विषय.

कोरा_कागद

अर्धं बरोबर आहे. कॅटलॉग आणि गूगल बिझनेस प्रोफाइल या दोन्ही गोष्टी साइटच्या आधीच करा, पैसे लागत नाहीत. पण कॅटलॉग बघतो तो ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे तो. 'टर्किश टॉवेल उत्पादक सोलापूर' असं शोधणाऱ्या हैदराबादच्या हॉटेलवाल्याला तो सहसा सापडत नाही. शिवाय परगावचा खरेदीदार मोठी ऑर्डर द्यायच्या आधी जीएसटी नंबर, कारखान्याचा पत्ता, मागांचे फोटो एका ठिकाणी बघायला मागतो.

प्रोफाइलमध्ये नाव पाटीवर आहे तेच टाका. 'अमुक टेक्स्टाइल स्वस्त सोलापुरी चादर होलसेल' असं शेपूट लावलं तर गूगल प्रोफाइल बंद करू शकतं. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, आतला माल आणि शटर किंवा कपाट स्वतःच्या किल्लीने उघडताना, हे न थांबता एकाच व्हिडिओत यायला हवं.

किल्ली_कोणाकडे

कोटेशनवर बोलतो.

'पहिला नंबर गॅरंटी' ही ओळ खोडा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच स्पष्ट लिहून ठेवलंय. तुमच्याच फर्मच्या नावाने शोधल्यावर पहिले येता हे दाखवून गॅरंटी पूर्ण झाली म्हणतील.

'डोमेन-होस्टिंग फुकट' यातलं फुकट बिनमहत्त्वाचं, ते कोणाच्या नावावर आहे ते महत्त्वाचं. डोमेन तुमच्या ईमेलने, तुमच्या कार्डने, तुमच्या खात्यात घ्या आणि डिझायनरला फक्त डीएनएसच्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदींच्या) सेटिंगपुरता प्रवेश द्या. डोमेन त्यांच्या खात्यात राहिलं आणि पुढे संबंध बिघडले, तर साइट, ईमेल आणि छापलेल्या पिशव्यांवरचा पत्ता तिन्ही त्यांच्या हातात. नवीन घेतलेलं डॉट कॉम पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) हलवता येत नाही, आणि नंतरही हलवायला त्यांच्याकडूनच कोड घ्यावा लागतो. डॉट इन चालेल, वर्षाला हजाराच्या आतबाहेर पडतं. घेताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा दर बघा. नाव घेताना एक करा : 'चादर' रोमनमध्ये लोक एक डी, दोन डी, कसंही लिहितात. जवळची दोन स्पेलिंगं घेऊन एक दुसरीवर वळवून ठेवा. हायफन नको, फोनवर सांगता येत नाही.

एसएसएलसाठी (साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी) वेगळे पैसे लावले असतील तर विचारा कशाचे. लेट्स एनक्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं.

थीम विकत घेतलेली हवी आणि परवाना तुमच्या नावावर हवा. बाजारात 'नल्ड' म्हणजे कुलूप तोडलेल्या थीम फिरतात, त्यात मागचं दार ठेवलेलं असतं. सहा-आठ महिन्यांनी तुमच्या चादरीच्या पानावरून गिऱ्हाईक जुगाराच्या साइटवर जातं आणि गूगल 'ही साइट धोकादायक असू शकते' असं दाखवायला लागतं.

पैसे टप्प्याने : सुरुवातीला ३०-४० टक्के, चाचणीच्या पत्त्यावर साइट दिसल्यावर तेवढेच, उरलेले सगळ्या किल्ल्या हातात आल्यावर. किल्ल्या म्हणजे डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसचं (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) प्रशासक खातं, गूगल सर्च कन्सोलची (गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते बघायच्या जागेची) मालकी, मूळ फोटो आणि लोगोची मूळ फाइल. ही यादी करारातच लिहून घ्या.

उजेड_खिडकीचा

फोटोंचं कोणी बोललं नाही, आणि कापड तर फोटोवरच विकलं जातं.

ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र येऊ देऊ नका. पांढरा टॉवेल एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने पिवळा येतो. दिवे बंद, उत्तरेकडची खिडकी किंवा सावलीतला ओटा, सकाळी ९ ते ११. मरून आणि लाल या रंगांत मोबाइल हमखास घोळ करतो. लाल भडकतो आणि जेकार्डची नक्षी त्यात बुडून जाते. एक्सपोजर थोडं खाली ओढा, उणे ०.३ ते ०.७. प्रत्येक रंगाच्या पहिल्या फोटोत कोपऱ्यात पांढरा कागद ठेवा, नंतर त्यावरून पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) लावता येतो.

एका चादरीला एवढे फोटो लागतात : पूर्ण पसरलेली, वरून काढलेली. घडी. काठाचा कोपरा जवळून. विणीचा अगदी जवळचा, बाजूला पट्टी ठेवून. उलटी बाजू. आणि पलंगावर अंथरलेली. उलटी बाजू लोक वगळतात, पण मागात विणलेली नक्षी आणि वरून छापलेली नक्षी यातला फरक दाखवणारा फोटो तोच.

मोबाइलचा मूळ फोटो ४-५ एमबी असतो. सहा फोटो तसेच चढवले की एका पानाला २५-३० एमबी. लांब बाजू १६०० पिक्सेल करा, वेबपी (फोटोची फाइल लहान ठेवणारा प्रकार), गुणवत्ता ७५ ते ८०. कापडाला बारीक पोत असल्याने फाइल भांड्यांच्या किंवा फर्निचरच्या फोटोएवढी लहान होत नाही, २००-३०० केबी आली तरी ठीक. त्याहून दाबलंत तर टॉवेलचे फंदे चिखलासारखे दिसतात. यादीच्या पानावर ५०० पिक्सेलची वेगळी प्रत लावा, मोठीच फाइल लहान करून दाखवू नका. फोटो लहान करताना बारीक विणीवर लाटांसारखे पट्टे उमटतात ते तपासा. आले तर थोडा जवळून किंवा वेगळ्या कोनातून पुन्हा काढा.

डिझायनरला दोन गोष्टी सांगा. खालचे फोटो लेझी लोड (तिथवर सरकल्यावरच उतरणारे), पण पहिला फोटो नाही. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली, नाहीतर फोटो उतरताना पान उड्या मारतं आणि बोट भलत्या बटणावर पडतं. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, गूगलचं मोजमाप तेच आहे.

शिरोरेषा

भाषा : दोन्ही. मराठी आणि इंग्रजी, वेगवेगळ्या पत्त्यांवर, एकमेकांशी एचरेफलँगने (हे त्याच पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप, असं गूगलला सांगणाऱ्या खुणेने) जोडलेल्या. कर्नाटक-तेलंगणातला घाऊक खरेदीदार इंग्रजीच वाचेल. आपोआप भाषांतराचं बटण लावू नका. सूत, माग, फंदे या शब्दांचं ते जे करतं ते वाचवत नाही.

मराठीसाठी जुन्या माहितीपत्रकातला मजकूर थेट चिकटवू नका. तो श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर वेबवर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा. 'सर्व'चा रफार भलत्या अक्षरावर बसणं नेहमीचं आहे.

फाँट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी', दोनच वजनांत, साधा आणि ठळक. देवनागरीच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात, पाच वजनं लावली तर तेवढ्यानेच पान रखडतं. पानाची भाषा कोडमध्ये 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) अशी नोंदवा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ पट तरी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीला चिकटतात. आणि इंग्रजी थीममध्ये मथळ्याला अक्षरांतर वाढवलेलं असतं ते शून्य करा. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि 'चादर' ही तीन सुटी अक्षरं दिसतात.

पानांचे पत्ते मात्र रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ होते, आणि लोकांना तो व्हायरसचा दुवा वाटतो.

यंत्रमाग_सोलापूर

सगळ्यांचे आभार. एक्सेलच्या शीटला आजच बसतो. अजून तीन शंका : पेमेंट गेटवे आत्ताच लावू का? कॅश ऑन डिलिव्हरी ठेवावी का? आणि 'जीआय टॅग सोलापुरी चादर' असा शिक्का होमपेजवर लावायचाय, डिझायनर म्हणतो सगळेच लावतात.

हिशेबाची_वही

शिक्क्याचं आधी. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळालेलं आहे, पण म्हणून सोलापुरात बनवणारा प्रत्येक जण आपोआप तो शिक्का वापरू शकत नाही. १९९९च्या कायद्याप्रमाणे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीत तुमच्या फर्मची नोंद लागते. नोंद असेल तर क्रमांकासह लावा. नसेल तर आधी अर्ज करा, शिक्का नंतर. तोवर 'सोलापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात विणलेली' एवढं लिहून मागांचा फोटो टाका.

गेटवे : पहिले दोन-तीन महिने नको. प्रत्येक मालाच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण द्या, त्यात संदेश आधीच भरलेला, 'कोड अमुक, मरून, २ नग हवेत' असा. दुव्यात नंबर ९१ने सुरू करून सलग लिहायचा. अधिक चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा किंवा रेघ आली की बटण उघडतं पण 'नंबर चुकीचा' दाखवू शकतं. रोज सुट्या ऑर्डरी यायला लागल्या आणि फोनवर क्यूआर पाठवून पैसे आले का बघण्यात माणूस अडकायला लागला, की मग गेटवे.

तेव्हा खर्च असा : कार्ड, नेटबँकिंगला साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १,००० च्या ऑर्डरीत २३ रुपये ६० पैसे जातात, ९७६.४० खात्यात. यूपीआयवर एमडीआर (व्यापाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य असला तरी गेटवे स्वतःची फी लावू शकतो, दरपत्रक वाचा. अर्ज करताना साइटवर अटी, गोपनीयता, परतावा-रद्द, आणि पाठवणी ही पानं आधीच चालू लागतात, आणि साइटवरचं फर्मचं नाव पॅन व बँक खात्यावरच्या नावाशी जुळायला लागतं. पाटीवर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल तर तिथेच अर्ज परत येतो.

ऑनलाइन विक्री सुरू झाली की ग्राहक संरक्षणाचे २०२०चे ई-कॉमर्स नियम लागतात : फर्मचं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क, तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याच्या आत. पॅक केलेल्या मालाच्या पानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, नगसंख्या व माप, सर्व करांसह एमआरपी आणि मूळ देश दिसला पाहिजे. तुमच्यात कोणी भावाच्या किंवा वहिनीच्या नावाने कंपोझिशनमध्ये (जीएसटीच्या सोप्या, ठरावीक दराच्या योजनेत) फर्म काढून सुटी विक्री करायचं म्हणत असेल तर थांबा : कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि साइटवरची ऑर्डर गुलबर्ग्याहूनही येणार.

कॅश ऑन डिलिव्हरी चादरीला परवडत नाही. पार्सल नाकारलं की जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं तुमच्या अंगावर. ठेवायचीच तर भाड्याएवढी रक्कम आधी घ्या.

आणि भाडं साइटवर टाकायच्या आधी खोकं मोजा. कुरिअर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त धरतो. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, बहुतेक ठिकाणी भागिले ५०००, काही ठिकाणी ४०००. १.३ किलोची चादर सैल घडीत ४० × ३० × १० झाली तर २.४ किलोचं बिल. तीच दाबून ३८ × ३० × ६ केली तर १.३७. अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर असतील तर २.५ ऐवजी १.५ किलोचे पैसे.

किल्ली_कोणाकडे

यात एक राहिलं, चौकशीचा फॉर्म. साइट चालू होते, फॉर्म भरल्यावर 'धन्यवाद' दिसतं आणि मेल मात्र येतच नाही किंवा स्पॅममध्ये पडतो. कारण बहुधा हे : फॉर्म मेल पाठवताना 'प्रेषक' म्हणून गिऱ्हाइकाचा जीमेल पत्ता लावतो, आणि तुमच्या सर्व्हरला जीमेलच्या नावाने मेल पाठवायचा हक्क नसतो. प्रेषक तुमच्याच डोमेनचा पत्ता हवा, ईमेलचा रकाना ठेवलाच तर गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर द्या' मध्ये. डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करा, मेल एसएमटीपीतून (मेल खात्याच्या लॉगिनने) पाठवा, आणि प्रत्येक चौकशीची प्रत साइटच्या डेटाबेसमध्येही राहू द्या. फॉर्ममध्ये चारच रकाने : नाव, गाव, मोबाइल, काय हवं आणि किती. जीएसटी नंबर सक्तीचा केलात तर निम्मे लोक अर्ध्यावर सोडतील.

यंत्रमाग_सोलापूर

डिझायनरशी बोललो. स्लायडर आणि गॅरंटी काढायला तयार आहे, डोमेन माझ्या नावावर घेऊ म्हणाला. पानं कमी झाली म्हणून ३२,००० वर आलाय. वार्षिक देखभाल ८,००० वेगळी मागतोय. ती द्यावी का?

किल्ली_कोणाकडे

देखभालीत काय येतं ते लिहून मागा, मग ठरवा. महिन्यातून एकदा वर्डप्रेस व प्लगइन अद्ययावत करणं, आठवड्याला बॅकअप आणि तो होस्टिंगच्या बाहेर तुमच्या ड्राइव्हवर, साइट पडली तर किती तासांत उभी करणार, आणि महिन्याला मालाच्या किती ओळी बदलून देणार. एवढं असेल तर ८,००० ठीक आहेत. नुसतं होस्टिंगचं नूतनीकरण 'देखभाल' म्हणून विकत असेल तर ते तुम्ही स्वतः निम्म्यात भराल. आणि बॅकअप घेतो म्हणाला तर सही करण्याआधी एकदा तो चाचणीच्या पत्त्यावर परत चढवून दाखवायला सांगा.